तारखेशेजारची तिथीही पाहा

नवं कॅलेंडर घरात आलं की वर्षभरातल्या उल्कावर्षावांच्या तारखा त्यावर टिपून ठेवाच, पण शेजारची तिथीही बघा. तारीख दरवर्षी जवळपास तीच असते, चंद्र मात्र बदलतो. शुक्ल अष्टमी असेल तर चंद्र मध्यरात्रीच्या सुमारास मावळतो, म्हणून पहाटेचा गजर लावा. कृष्ण अष्टमीला तो तेव्हाच उगवतो, म्हणजे मध्यरात्रीआधीचा वेळ तुमचा.

१२-१३ ऑगस्टचा ययाती तारकासमूहातला वर्षाव आपल्याकडे बहुतेकदा ढगांत जातो. त्यावर भिस्त ठेवू नका. विदर्भासाठी खरी रात्र १३-१४ डिसेंबरची, मिथुन राशीतल्या उल्कांची. नऊ-दहापासूनच त्या दिसू लागतात आणि दोनच्या सुमारास मिथुन डोक्यावर येते. हरभऱ्याच्या ओलितासाठी रात्री शेतात जावंच लागत असेल, तर पाणी सोडून धुऱ्यावर बसा आणि मान वर करा. टॉर्चला लाल जिलेटिन कागद बांधा, मोबाइल खिशात ठेवा. डोळे अंधाराला सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात, एका पांढऱ्या झोताने ती सगळी वाया जातात. जंगलालगतच्या गावात मात्र शेत नकोच, घराची गच्ची बरी.

पेंच व्याघ्र प्रकल्पाला २०२४ मध्ये 'डार्क स्काय पार्क'चा, म्हणजे रात्रीचं आकाश अंधारं राखलेल्या जागेचा दर्जा मिळाला, तोही बेत एखाद्या अमावस्येला जमवा.

दिवसाही एक खूण हवी: २६ मेच्या सुमारास नागपुरात दुपारी बारा वाजून दहा मिनिटांच्या आसपास उभ्या पाइपची सावली नाहीशी होते. चंद्रपूर-गडचिरोलीकडे हे काही दिवस आधीच घडतं.