एमएससाठी टोफेल-आयईएलटीएस देताय? या चुका टाळा

पुण्यातल्या इंजिनिअरिंगच्या मुलांचं इंग्रजी बहुतेक वेळा पुरेसं असतं. तरी परदेशातल्या एमएसचे (पदव्युत्तर पदवीचे) अर्ज टोफेल, आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षांपाशी अडकतात, कारण तयारी इंग्रजीची होते आणि परीक्षेचे नियम वाचायचे राहून जातात.

सगळ्यात मोठा घोळ नावाचा. पुणे विद्यापीठाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी येतं; पासपोर्टवर ते वेगळ्या रकान्यात असतं आणि वडिलांचं नाव कधी असतं, कधी नसतं. नोंदणी करताना गुणपत्रिका बाजूला ठेवा. पासपोर्टवर अक्षरन् अक्षर जसं आहे तसंच नाव भरा आणि विद्यापीठाच्या अर्जातही तेच द्या. पासपोर्टमध्येच चूक असेल, तर आधी मुंढव्याच्या पासपोर्ट सेवा केंद्रात जाऊन दुरुस्ती करून घ्या, मगच परीक्षेचे पैसे भरा. नोंदणीनंतर पासपोर्ट बदलला तर नंबरही बदलतो. ते परीक्षा केंद्राला लगेच कळवा.

दुसरी चूक म्हणजे फक्त एकूण बँड, म्हणजे चारही विभागांच्या गुणांची सरासरी, बघणं. समजा आयईएलटीएसमध्ये ऐकणं ८, वाचन ८, बोलणं ६.५ आणि लेखन ५.५ आलं. सरासरी ७ होते, घरी पेढे वाटले जातात. पण अनेक विद्यापीठं प्रत्येक विभागात किमान ६ किंवा ६.५ मागतात, आणि तिथे हा ७ चालत नाही. आपली मुलं अडतात ती बहुधा लेखनात. त्यात दोन टास्क, म्हणजे लिहायचे दोन प्रश्न असतात; दुसऱ्या टास्कला पहिल्याच्या दुप्पट वजन असतं, म्हणून एका तासातली ४० मिनिटं त्याच्यासाठी राखा. एकच विभाग पुन्हा देण्याची सोय संगणकावरच्या परीक्षेत आहे, मूळ परीक्षेपासून ६० दिवसांच्या आत. मात्र प्रत्येक विद्यापीठ तो निकाल स्वीकारतंच असं नाही; आधी विचारा. टीचिंग असिस्टंटशिप (विद्यापीठात शिकवायला मदत करण्याचं काम) हवी असेल तर बोलण्याच्या गुणांची वेगळी, चढी अट असू शकते, तीही बघा.

अप्पा बळवंत चौकातून आणलेलं टोफेलचं जुनं पुस्तक किंवा सीनियरच्या नोट्स यांवर विसंबू नका. २१ जानेवारी २०२६ पासून टोफेलचं स्वरूपच बदललं आहे: प्रश्नप्रकार नवे, गुण १ ते ६ या पट्टीवर. सरावासाठी अधिकृत संकेतस्थळावरचेच नमुने घ्या.

आयईएलटीएस भरताना ‘अकॅडेमिक’ निवडा. ‘जनरल ट्रेनिंग’ एमएसला सहसा चालत नाही.

निकाल दोनच वर्षं वैध असतो. शेवटच्या वर्षाला परीक्षा देऊन हिंजवडीत नोकरी धरायची आणि तिसऱ्या वर्षी अर्ज करायचा, असा बेत असेल तर ते पैसे वाया जातात. अर्जाच्या डिसेंबरच्या मुदतीसाठी सप्टेंबरपर्यंत परीक्षा उरकावी, म्हणजे गरज पडली तर पुन्हा द्यायला वेळ उरतो.

आणि हे सगळं करण्याआधी प्रवेश कार्यालयाला एक ईमेल टाका. काही विद्यापीठं इंग्रजी माध्यमातून पदवी घेतल्याचं कॉलेजचं पत्र पाहून परीक्षेतून सूटच देतात.