आधी नमाज धर, सवयी मागून सुटतील

अस्सलामु अलैकुम. हे मुद्दाम मराठीत लिहितोय कारण आपल्यात माझ्यासारखे खूप जण आहेत, मराठी शाळेत शिकलेले, घरात कोकणी नाहीतर दखनी बोलणारे, आणि मशिदीतलं उर्दू बयान अर्धं डोक्यावरून जातं. विचारायला जायचं तर लाज वाटते, एवढा मोठा झालास आणि एवढं पण माहीत नाही का असं कोणी म्हणेल म्हणून. माझं गाव चिपळूणच्या बाजूला, नोकरीसाठी पुण्यात आलो आणि सहा वर्षं माझी नमाज म्हणजे दोन ईद आणि कधीतरी जुम्मा. बाकी शनिवारची बिअर, मोबाईलवर पैसे लावून रमी, रात्री दोन-दोन वाजेपर्यंत फोनवर नको ते बघत पडणं, सगळं चालू होतं. दोन वर्षांपूर्वी परत वळलो, अलहम्दुलिल्लाह. मी आलीम (धर्म शिकलेला जाणकार) नाही, मसल्याचं (धर्माच्या नियमाचं) पक्कं उत्तर आपल्या इमामसाहेबांकडूनच घ्यायचं, पण माणूस कुठे अडकतो ते मला चांगलं माहितेय.

माणूस अडकतो ते "आधी सुधारतो, मग नमाज धरतो" या विचारापाशी. मी दर वर्षी रमजानच्या आधी हेच म्हणायचो, की एकदा बिअर सुटू दे, मग पाच वक्ताची सुरू करतो, पिऊन आदल्या दिवशी बसलेला माणूस दुसऱ्या दिवशी कुठल्या तोंडाने मशिदीत जाणार. पण सूरह अनकबूतची 45वी आयत काय सांगते, नमाज बेहयाई (निर्लज्जपणा) आणि वाईट कामांपासून रोखते. म्हणजे रोखायचं काम नमाजचं आहे आणि आपण ते आधीच स्वतः करून मग नमाजकडे जायला निघतो, कसं जमणार. पैगंबरांचे साथी हजरत अबू हुरैरा यांच्या रिवायतीत (त्यांनी सांगितलेल्या हकिकतीत) आहे, एक माणूस रात्री नमाज पढतो आणि सकाळी चोरी करतो असं रसूलुल्लाह सल्ल. (पैगंबर मुहम्मद) यांना सांगण्यात आलं, तर ते म्हणाले की त्याची नमाजच त्याला यातून थांबवेल. चोरी सुटेपर्यंत नमाजला येऊ नकोस असं नाही म्हणाले.

म्हणून पहिलं काम, पुढची जी नमाज येतेय तिथून सुरू कर. सोमवारपासून नाही, रमजानपासून नाही. आत्ता दुपार असेल तर जोहर. आधी गुस्ल, म्हणजे पूर्ण अंघोळ, करून घे, तोंडात पाणी फिरव, नाकात पाणी घे, मग सगळ्या अंगावरून पाणी, एक केसाएवढी जागा कोरडी राहायला नको. सूरे विसरला असशील तर सूरह फातिहा आणि सूरह इखलास एवढं आधी पक्कं कर, त्यावर सुरुवात होऊन जाते. देवनागरीत नमाज छापलेली पुस्तकं मिळतात, कामचलाऊ आहेत, पण अरबीतले बरेच आवाज आपल्या लिपीत येतच नाहीत, म्हणून मगरिबनंतर (सूर्यास्ताच्या नमाजनंतर) दहा मिनिटं कुरआन पाठ असलेल्या एखाद्या हाफिजसाहेबांसमोर बसून उच्चार नीट करून घे. मी बत्तिसाव्या वर्षी मदरशातल्या लहान मुलांच्या बाजूला बसलो, कोणी हसलं नाही.

आणि पाचही एकदम जमत नाहीत म्हणून सगळंच सोडू नको. फर्ज (सक्तीच्या) नमाज पाचच आहेत, त्यात काटछाट करायचा हक्क मला नाही, पण चार झाल्या आणि पहाटेची फजर गेली तर त्या चारांना पकडून ठेव आणि फजरच्या मागे लाग. सुन्नत-नफिलचं (फर्जशिवायच्या जादा नमाजचं) ओझं पहिल्या आठवड्यात डोक्यावर घेऊ नको, रोजच्या 17 रकात (नमाजमधल्या फेऱ्या) फर्ज आधी उभ्या राहू देत, हनफी पंथाचा असशील तर ईशानंतरची वित्रही. पैगंबरांच्या पत्नी हजरत आयेशा यांनी सांगितलेली हदीस (पैगंबरांचं वचन) बुखारी या हदीसच्या ग्रंथात आहे, अल्लाहला सगळ्यात आवडणारं काम ते जे नेमाने होतं, भले थोडं असेल.

आता एक गोष्ट जी मला कोणी वेळेवर सांगितली असती तर माझी दोन-तीन वर्षं वाचली असती. आपल्याकडे सगळ्यांना पाठ असतं की दारू प्यायली की चाळीस दिवस नमाज कबूल होत नाही. हदीस आहे, खोटं नाही. पण पोरं त्याचा अर्थ काय घेतात, चाळीस दिवस पढूच नका, उपयोग काय. मी स्वतः कॅलेंडर बघून दिवस मोजलेत आणि पस्तिसाव्या दिवशी परत प्यायलोय म्हणजे परत पहिल्यापासून मोजणी, असं करत करत वर्ष गेलं. उलमा (धर्माचे जाणकार) याचा खुलासा असा करतात की त्या नमाजचं सवाब (पुण्य) जातं, फर्ज माफ होत नाही, पढलीस तर जिम्म्यातून उतरते आणि नाही पढलीस तर एक गुनाह होता तिथे दोन झाले. आणि त्याच हदीसमध्ये पुढे आहे की त्याने तौबा केली तर अल्लाह त्याची तौबा कबूल करतो, हा भाग कोणी सांगतच नाही. नशेत असताना नमाजजवळ जायचं नाही, हे कुरआनमध्येच आहे. शुद्धीवर आलास, की धू, वुजू (नमाजआधी हात-तोंड-पाय धुणं) कर, उभा राहा.

तौबा म्हणजे काय तर गालावर थापट्या मारून तौबा तौबा म्हणणं नाही. इमाम नववी या जुन्या मोठ्या आलिमांनी तीन शर्ती सांगितल्यात, तो गुनाह सोडायचा, केल्याचं मनापासून वाईट वाटायला हवं, आणि परत करणार नाही असा पक्का इरादा. गुनाहमध्ये दुसऱ्या माणसाचा हक्क असेल तर चौथी, तो हक्क त्याला परत द्यायचा. नीट वुजू करून दोन रकात पढ आणि मग माग, मराठीत माग, कोकणीत माग, दुआला भाषा लागत नाही. मला अरबी दुआ येत नव्हत्या म्हणून मी सुरुवातीला गप्प बसून राहायचो, मग एका रात्री सरळ म्हटलं की या अल्लाह मला हे सुटत नाही, तूच सोडव. सूरह जुमरची 53वी आयत वाच, मराठी तर्जुमा मिळतो, ज्यांनी स्वतःवर अतिरेक केलाय त्यांनाच "माझ्या बंद्यांनो" अशी हाक मारून सांगितलंय की अल्लाहच्या रहमतीतून निराश होऊ नका, तो सगळे गुनाह माफ करतो. एवढं सगळं करून पण तो आपल्याला माझे बंदे म्हणतो, हे वाचून मी खूप रडलो होतो.

इरादा केला की तो टिकायला हात-पाय पण हलवावे लागतात. गुनाहची एक वेळ ठरलेली असते, एक जागा असते आणि बहुतेक एक माणूस असतो, ते तिन्ही कागदावर लिहून काढ. माझं होतं शनिवार रात्र, रूमवर आणि एक जुना दोस्त. शनिवारी मी मगरिबला मशिदीत जायला लागलो आणि रात्रीची ईशा होईपर्यंत तिथेच बसायचो, घरी येईपर्यंत त्यांची बैठक सुरू झालेली असायची आणि मला कोणी बोलवायचं नाही. दोस्ताशी भांडलो नाही, चहाला दिवसा भेटतो. पण रसूलुल्लाह सल्ल. यांनी चांगल्या सोबत्याला अत्तरवाल्याची आणि वाईट सोबत्याला भाता फुंकणाऱ्याची मिसाल दिलीय, कपडे जळले नाहीत तरी वास लागतोच. फोन रात्री स्वयंपाकघरात चार्जिंगला ठेव, अलार्मसाठी शंभर-दीडशेचं घड्याळ आण, तेच फजरला पण उपयोगी येतं. कारण फजर सकाळी चुकत नाही, ती रात्री दोन वाजता फोनमध्ये चुकते. तरी झोप लागून गेली तर डोळा उघडला की पढ, फक्त सूरज उगवत असेल तर पंधरा-वीस मिनिटं थांब.

पैसे लावून खेळायचे अ‍ॅप तर डिलीट करच, 2025च्या कायद्याने ते आपल्या देशात बंदच झालेत, तरी कुठल्या ना कुठल्या लिंकने परत येतात, मटक्याची चिठ्ठी पण गावागावात चालूच आहे. यूपीआयची लिमिट कमी करून घे, पगार झाला की पहिल्या दिवशी घरी पाठव.

दारूबद्दल एक काळजीने सांगतो. शनिवारची दोन बाटल्यावाला आणि रोज सकाळपासून पिणारा, दोघांना एकच सल्ला चालत नाही. रोज जास्त पिणाऱ्याने एकदम बंद केली तर हात थरथरणं, भास होणं, फिट येणं असं होऊ शकतं, जीवावर बेतू शकतं, त्यामुळे तौबा आजच आणि डॉक्टरकडे पण आजच. पुण्यात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र 1986पासून हेच काम करतंय, सगळ्या धर्माची माणसं तिथे जातात. इलाज घेणं म्हणजे ईमान कमजोर असं जे म्हणतात त्यांचं ऐकू नको. गुटखा-तंबाखूसाठी सरकारी फोन आहे 1800112356, फुकट आहे. दारू हराम करताना पण हुकूम टप्प्याटप्प्याने आले, आधी सांगितलं की यात फायद्यापेक्षा गुनाह मोठा, मग नशेत नमाजजवळ जाऊ नका, मग सूरह माइदामध्ये पूर्ण बंदी. आपल्यासाठी हुकूम आता पूर्ण बंदीचाच आहे, पण मधला टप्पा बघ, तिथे पण नमाजनेच पिण्याच्या वेळा कमी केल्या.

लोकांचे हक्क हा सगळ्यात जड भाग. रमीसाठी मी भावाकडून खोटं सांगून पैसे घेतले होते, गाडी दुरुस्तीला म्हणून. ते पाच महिन्यात फेडले, कशासाठी घेतले होते ते सांगितलं नाही आणि सांगायची गरजही नव्हती, रक्कम हक्कदाराकडे पोचली पाहिजे. तो माणूस वारला असेल तर वारसांना दे. सापडतच नसेल तर त्याच्या वतीने गरिबाला. बँकेचं व्याज किंवा जुगारात जिंकलेलं पडून असेल तर सवाबच्या निय्यतशिवाय (पुण्य मिळावं असा हेतू न धरता) गरजूला देऊन टाक. कोणाची गीबत (पाठीमागे निंदा) केलीय, मन दुखवलंय तर माफी माग, पण जुनं उकरून नवीन भांडण लागणार असेल तर त्याच्यासाठी दुआ कर आणि जिथे वाईट बोललास तिथेच चांगलं बोल.

आणि कृपा करून सगळीकडे सांगत सुटू नको. बुखारीत हदीस आहे की माझ्या सगळ्या उम्मतला (अनुयायांना) माफी आहे, पण उघड गुनाह करणाऱ्यांना नाही, आणि त्यात तो पण आला जो रात्री केलं, अल्लाहने झाकलं, आणि सकाळी स्वतःच उठून सांगतो. बायकोला, अम्मीला, लग्न ठरतंय त्या मुलीला जुना हिशोब वाचून दाखवायचा नसतो. अल्लाहने पडदा घातलाय तो आपल्या हाताने ओढू नको. मदत हवी असेल तर एक भरवशाचा माणूस बघ, बस. जुने फोटो, स्टेटस काढून टाक, आणि नवीन पण "आजपासून मी बदललो" असलं काही टाकू नको.

पाय घसरेल. माझा घसरला, चौथ्या महिन्यात, एका लग्नात. दुसऱ्या दिवशी शैतान काय म्हणतो, बघ झालं ना, तू ढोंगीच. तेव्हा जोहर सोडली असती तर मी परत सहा वर्षं मागे गेलो असतो. बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही ग्रंथांत आहे, बंदा गुनाह करतो, माफी मागतो, अल्लाह माफ करतो, तो परत करतो, परत मागतो, परत माफी. गुनाहला सूट आहे म्हणून नाही सांगत, दार बंद झालं असं समजून घरी बसू नको म्हणून सांगतोय.

राहता राहिली कझा, म्हणजे राहून गेलेल्या नमाज नंतर भरून काढणं. चारही मसलकांच्या (सुन्नी पंथांच्या) बहुतेक उलमांचं म्हणणं आहे की जाणूनबुजून सोडलेल्या नमाजची पण कझा आहे, कोकणातले आपण शाफई आणि घाटावरचे बहुतेक हनफी, दोघांना. बालिग झाल्यापासून (वयात आल्यापासून) अंदाजाने वर्षं काढ, थोडं जास्तच धर. बहिणींनी हैजचे (पाळीचे) दिवस वजा करायचे, त्या दिवसांच्या नमाजची कझा नाही, फक्त रोज्यांची आहे. रोजे ठेवलेच नव्हते की ठेवून मुद्दाम तोडले, यात मसला बदलतो, ते मुफ्तीसाहेबांना नीट विचार, जकातचं पण, मागच्या प्रत्येक वर्षाची अडीच टक्के राहिली असेल तर ती बाकीच आहे. माझे सहा वर्षांचे 2190 दिवस निघाले, आकडा बघून घाम फुटला होता. मग इमामसाहेबांनी तोडगा सांगितला, रोजच्या प्रत्येक फर्जसोबत तीच एक कझा, निय्यत अशी की माझ्या जिम्म्यात बाकी असलेली पहिली फजर, पहिली जोहर. पाच मिनिटं जातात. शंभर पानी वही आणलीय, पाच रकाने पाडलेत, पढली की टिक. दोन वर्षं झाली, चार वर्षांच्या मगरिब अजून बाकी आहेत, आजची टिक ईशाच्या आधी करायचीय.