पूर-अतिवृष्टीनंतर पंचनामा नीट कसा करून घ्यावा

‘आधी घर आवरा, सरकारी माणूस येईल तेव्हा येईल’ हा सल्ला पूर ओसरला की हमखास मिळतो. तो ऐकू नका. मदत ठरते ती पंचनाम्यावरून, आणि आवरलेल्या घरात पंचनाम्यात लिहिण्यासारखं फारसं उरत नाही.

पाणी चढत असताना निवारा, अन्न, पिण्याचं पाणी आणि औषधोपचार मिळालेच पाहिजेत. आपत्ती व्यवस्थापन कायदा, 2005 च्या कलम 12 मध्ये किमान मदतीच्या या बाबी आहेत. छावणीत जात, धर्म किंवा लिंग पाहून कोणाला डावललं, तर कलम 61 दाखवून तहसीलदारांकडे लेखी तक्रार करा.

पाणी ओसरल्यावर चिखलाला हात लावण्याआधी फोटो काढा. भिंतीवरची पाण्याची रेघ, पडलेली बाजू, भिजलेलं धान्य, भांडी, कपडे, सगळं घ्या. एका फोटोत घर क्रमांक किंवा ओळखू येणारी खूण हवी. त्याच दिवशी तलाठी कार्यालयात (आता ग्राम महसूल अधिकारी) पंचनाम्याचा अर्ज द्या आणि दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोहोच घ्या. ‘साहेबांना फोन केलाय’ याला कागदावर काही किंमत नाही.

आता खुद्द पंचनामा. माणसं नेमकी इथे फसतात. पथक घाईत असतं, शंभर घरं बाकी असतात, आणि ‘इथे सही करा, बाकीचं आम्ही भरतो’ असं म्हटलं जातं. कोऱ्या नमुन्यावर सही करू नका, अंगठाही देऊ नका. पथक चांगलं असलं तरीही नको, कारण नंतर भरलेला एक शब्द हजारोंचा फरक करतो. 2022-23 ते 2025-26 या काळासाठीचे केंद्राचे निकष पाहा: सपाट भागात पक्कं घर पूर्ण पडलं तर 1,20,000 रुपये, किमान 15 टक्के अंशतः पडझड असेल तर 6,500. भिंत उभी दिसते म्हणून ‘अंशतः’ लिहितात. पण पाया खचला असेल, राहण्याजोगं उरलं नसेल, तर ते तिथल्या तिथे दाखवा आणि तसंच लिहून घ्या.

याच निकषांत कुटुंबाला कपड्यांसाठी 2,500 आणि भांड्यांसाठी 2,500 रुपये आहेत. घर वाहून गेलं किंवा पूर्ण पडलं नसेल, तर ते दोन दिवसांपेक्षा जास्त पाण्यात होतं का, हे बघितलं जातं. म्हणून पाणी कधी शिरलं आणि कधी उतरलं, दोन्हींची तारीख-वेळ पंचनाम्यात यायला हवी. भाडेकरूंनी सामानाची नोंद स्वतःच्या नावाने करून घ्यावी.

शेतीत तीन आकडे तपासा: गट क्रमांक, बाधित क्षेत्र, नुकसानीची टक्केवारी. 33 टक्क्यांच्या खाली लिहिलं की मदत शून्य. केंद्राच्या त्याच निकषांत जिरायतीला हेक्टरी 8,500, बागायतीला 17,000, बहुवार्षिक पिकाला 22,500, मर्यादा दोन हेक्टर. विहीर आहे आणि सातबाऱ्यावर पीक ‘अजलसिंचित’ (म्हणजे जिरायती) पडलंय? पेरा मोबाईलवरून नोंदवतानाच सिंचनाचा प्रकार नीट भरायला हवा होता. आता निदान पंचनाम्यात प्रत्यक्ष स्थिती लिहून घ्या. जनावर मेलं असेल तर पुरण्याआधी शवविच्छेदनाचा दाखला घ्या.

नोंद पटली नाही तर भांडत बसू नका. सहीच्या वर स्वतःच्या हाताने लिहा, ‘क्षेत्र मान्य नाही’, तारीख टाका, पंचनाम्याचा फोटो काढा, आणि फेरपंचनाम्याचा अर्ज तहसीलदारांकडे लगेच द्या. आणि आकडे फुगवू नका. खोट्या दाव्याला आपत्ती व्यवस्थापन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, शिवाय तुमच्यामुळे शेजाऱ्याच्या खऱ्या नुकसानीवरही संशय येतो.

पुढचं सोपं आहे. यादीत नाव आलं की तुमच्या नावापुढचा विशिष्ट क्रमांक घ्या, सेवा केंद्रात ई-केवायसी करा, खातं आधारशी जोडलेलं ठेवा.

नाव आलंच नाही, तर तहसील कार्यालयाच्या जन माहिती अधिकाऱ्याकडे दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून माहिती अधिकाराचा अर्ज करा. दोनच गोष्टी मागा: माझ्या पंचनाम्याची प्रत, आणि नाव वगळण्याच्या कारणाची नोंद. 30 दिवसांत उत्तर द्यावं लागतं. न मिळाल्यास त्याच कार्यालयाच्या प्रथम अपिलीय अधिकाऱ्याकडे पुढच्या 30 दिवसांत अपील टाका, पोहोच घेतलेल्या पहिल्या अर्जाची प्रत जोडून.