व्हॉल्व्हच्या ऑपरेशनला निघण्याआधी

आधी जुने इको, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीचे रिपोर्ट, शोधा. आमच्या अण्णांचे कपाटात, गादीखाली आणि एक तर चक्क किराणाच्या वहीत सापडला. सगळे तारखेप्रमाणे लावा, कारण महाधमनीची झडप गळत असली की एका रिपोर्टवरून फारसं कळत नाही, आकडा कुठे सरकतोय ते पाहायचं असतं. दोन ओळींखाली पेनाने रेघ मारा: ईएफ, म्हणजे डावा कप्पा दर ठोक्याला त्यातलं किती टक्के रक्त बाहेर टाकतो ते, आणि एलव्हीआयडीएस, म्हणजे आकुंचनानंतर हृदयाच्या त्याच कप्प्याचा उरलेला व्यास. उलटं येणारं रक्त सामावून घेता घेता कप्पा मोठा होतो, तरी ईएफ वर्षानुवर्षं 60 च्या घरात राहून फसवतो. तो 55 किंवा त्याखाली आला, किंवा व्यास 50 मिलिमीटरच्या वर गेला, की त्रास नसतानाही डॉक्टर ऑपरेशनचं बोलू लागतात. अण्णा दोन जिने सहज चढायचे, त्यामुळे त्यांना पटायला महिना गेला.

मग दातांच्या डॉक्टरांकडे जाऊन या. किडलेल्या दातातले जंतू रक्तातून नव्या झडपेवर बसतात, हे टाळायचं काम आधीच उरकतं. अँजिओग्राफी बहुधा करतीलच. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर सांगा, स्वतःहून बंद करू नका. सरकारी योजनेतून करायचं असेल तर रेशन कार्ड आणि आधार पिशवीत सगळ्यात वर.

झडप कुठली, हे घरी बसून ठरवा, स्ट्रेचरवर नाही. धातूची टिकते, पण वॉरफरिन ही रक्त पातळ करणारी गोळी आणि तिचं प्रमाण पाहणारी आयएनआर ही रक्ततपासणी जन्माची. प्राण्याच्या ऊतीपासून बनवलेल्या जैविक झडपेला ते सहसा जन्मभर लागत नाही, पण दहा-पंधरा वर्षांत ती झिजते. अण्णांनी धातूची घेतली. पालेभाज्यांतलं व्हिटॅमिन के वॉरफरिनचा परिणाम कमी करतं, तेव्हा मेथी सोडावी लागेल म्हणून हिरमुसले होते. सोडायची नसते, प्रमाण मात्र रोज सारखं हवं.

पुढून बटणांचे शर्ट घ्या, आणि खोकताना छातीशी धरायला छोटी उशी. श्वासाच्या व्यायामाची तीन चेंडूंची फुंकणी आठवडाभर आधीपासून ओढायला लावा.

घरच्यांनी एक गोष्ट वहीत लिहून ठेवावी: ऑपरेशननंतरचा पहिला इको पाहून हबकू नये. अण्णांचा ईएफ 54 चा 45 झाला आणि आम्ही कॉरिडॉरमध्ये मटकन बसलो. उलटं येणारं रक्त थांबलं की कप्प्यावरचा ताण एकदम उतरतो, म्हणून आकडा काही काळ पडू शकतो. कप्पा मात्र पहिल्या दोन आठवड्यांतच आवरू लागतो, ईएफ पुढच्या महिन्यांत चढतो. फार उशीर झालेल्या हृदयाचा पूर्ण चढेलच असं नाही. पुढचे इको शक्यतो त्याच ठिकाणी करा, म्हणजे मोजणाऱ्याच्या हातातला फरक मध्ये येत नाही. फाईलला मागे चार कोरे प्लास्टिकचे कप्पे ठेवा.