‘ळ’चा उच्चार शिकवताना

मराठी शिकणाऱ्या अमराठी प्रौढांच्या किंवा परदेशात वाढणाऱ्या मुलांच्या तोंडी ‘बाळ’चे ‘बाल’ आणि ‘केळी’चे ‘केली’ होते. अशा वेळी शब्द पुन्हा पुन्हा म्हणून दाखवण्यापेक्षा जीभ कोठे टेकवायची हे सांगणे अधिक उपयोगी ठरते.

‘ल’ म्हणताना जिभेचे टोक वरच्या दातांच्या मागील हिरडीला लागते, तर ‘ळ’साठी ते मागे वळून त्याहून आत, कठोर टाळूला स्पर्श करते. ही जागा सापडण्यासाठी प्रथम ‘ड’ म्हणायला लावावे, कारण हे व्यंजन बहुतेकांना येते आणि त्यात जीभ जवळपास तेथेच टेकते. फरक हवेच्या वाटेत आहे: ‘ड’मध्ये तोंडातील वाट क्षणभर पूर्ण बंद होते, ‘ळ’मध्ये मात्र जिभेच्या दोन्ही कडा मोकळ्या राहून तेथून हवा सुटते. याची खात्री करण्यासाठी जीभ ‘ळ’च्या जागी धरून तोंडाने श्वास आत ओढावा, जिभेच्या बाजूंना गारवा जाणवला तर स्थिती बरोबर आहे, आणि हवा मुळीच शिरली नाही तर जीभ अजून ‘ड’साठीच दाबलेली आहे.

प्रमाण मराठीत शब्दाच्या आरंभी ‘ळ’ येत नाही. म्हणून सुटे अक्षर घोकण्याऐवजी ‘आळा’, ‘फळा’, ‘काळा’ असे शब्द घ्यावेत, म्हणजे आधीच्या स्वरात जीभ वळवायला अवधी मिळतो. पुढच्या स्वराकडे जाताना जीभ झटकन खाली पडली पाहिजे, ती रेंगाळल्यास उच्चार जड वाटतो.