नट जोखायचा तर आधी आवाज बंद करा

सांगलीत हौशी नाटकांना मी अठरा वर्षं प्रॉम्प्टिंग केलं, म्हणजे नट अडला की विंगेतून त्याला वाक्य पुरवलं. विंगेतून नट कडेने दिसतो, आणि बोलणाऱ्यापेक्षा गप्प उभा असलेलाच जास्त दिसतो. अभिनय जोखायची माझी रीत तिथली आहे. ती सिनेमालाही लागू पडते आणि जुन्या विनोदी मालिकांनाही.

पहिली गोष्ट म्हणजे एकाच नटाची दोन-तीन कामं शेजारी ठेवा. मी रीमा लागूंची घेते. 'हम आपके हैं कौन..!' (१९९४) मध्ये त्या पूजा-निशाची आई. त्याच दशकात छोट्या पडद्यावर 'श्रीमान श्रीमती'तली कोकी त्याच, आणि 'तू तू मैं मैं'मध्ये सुप्रिया पिळगांवकरांची सासूही त्याच. नटी तीच असल्यामुळे फरक कशाने पडतो ते लगेच कळतं.

आता सिनेमातला एखादा घरगुती समारंभ काढा आणि आवाज बंद करून पाच मिनिटं फक्त रीमांकडे बघा. त्या प्रसन्न दिसतात, मायाळू दिसतात. पण त्यांना त्या प्रसंगात काही मिळवायचं नाही, काही लपवायचं नाही. घरातली सगळी माणसं भली आणि सगळ्यांना एकच हवंय. नटाने धरायचं काय? मग 'तू तू मैं मैं'चा कुठलाही भाग तसाच बघा. घर एक, त्यावर हक्क दोघींना हवा. सून बोलत असते तेव्हा सासूकडे बघा. जिभेवर यायच्या आधी उत्तर डोळ्यांत आलेलं असतं. विंगेतून मी नेमकं हेच बघायची. समोरच्याचं वाक्य संपायची नुसती वाट बघणारा नट आवाज बंद केला की लगेच उघडा पडतो.

मग डोळे मिटून ऐका. दहा वाक्यं कागदावर उतरवा, पात्रांची नावं झाका आणि घरातल्या कुणाला तरी वाचायला द्या. वाक्य कुणाचं ते ओळखता आलं तर लेखकाने माणसं उभी केलीत. 'श्रीमान श्रीमती'त शेजारच्या सिनेनटीवर भाळलेला केशव आणि तिचा नवरा दिलरुबा यांची वाक्यं एकमेकांच्या तोंडी घालून बघा. बसत नाहीत.

लेखनाची खरी परीक्षा गाठ कशी पडते आणि कशी सुटते यात असते. इथे मी जरा कठोर होते. 'हम आपके…'ची चौदाही गाणी मला आवडतात, सिनेमा चार वेळा पाहिलाय. पण निशाची बहीण पूजा जिन्यावरून पडून मरते, ही गाठ अपघाताने पडते. निशा होकार देते तो गैरसमजातून, आणि नवरदेव तिचा लाडका प्रेम नसून त्याचा भाऊ, म्हणजे पूजाचा नवरा राजेश आहे हे तिला लग्नविधी सुरू झाल्यावर कळतं. शेवटी प्रेमसाठी लिहिलेली चिठ्ठी टफी कुत्रा राजेशकडे नेतो आणि सगळं सुटतं. प्रेम आणि निशा, दोघांपैकी कुणीही तोंड उघडून स्वतःचं काही ठरवत नाही. म्हणून हा सिनेमा लेखनाच्या बाबतीत वाजवीपेक्षा जास्त डोक्यावर घेतला गेला असं माझं ठाम मत आहे. सोहळा म्हणून तो मोठाच आहे, पण ती मोजणी वेगळी.

मालिकेला मात्र सिनेमाची फूटपट्टी लावू नका. 'पात्र बदलतच नाही' ही तक्रार तिथे गैरलागू. बदलू नये अशीच ती घडवलेली असतात. तिथे बघायचं ते हे, की त्याच खोडीतून दर आठवड्याला नवा पेच निघतो की जुनंच वाक्य नव्या साडीत येतं. वरून चिकटवलेल्या हशाकडे दुर्लक्ष करा. वहीत रेघ ओढा ती तुम्ही स्वतः हसलात तरच. आणि का हसलात तेही शेजारी लिहा: वाक्याला, चेहऱ्याला, की मधल्या थांबण्याला. थांबण्यापुढे रेघा जास्त पडल्या तर ते नटाचं काम, वाक्यापुढे पडल्या तर लेखकाचं.

सुरुवात करणाऱ्याने 'श्रीयुत गंगाधर टिपरे' ही मराठी मालिका घ्यावी. दिलीप प्रभावळकरांचे आबा कुणाचं बोलणं ऐकत बसलेले असतील असा एक प्रसंग निवडा, आणि आवाज बंद करा.