ड्रॅगच्या इंजिनासाठी कॅमशाफ्ट कसा निवडावा

ड्रॅगसाठी, म्हणजे सरळ पट्ट्यावरच्या शर्यतीसाठी, इंजिन बांधायला घेतलेला माणूस बरेचदा कॅम, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा, सगळ्यात आधी घेऊन येतो. कारण एकच, आवाज. मोठा कॅम बसवलेलं इंजिन आयडलला अडखळत, उसळत चालतं आणि तो आवाज कानावर पडला की बुलेटचा सायलेन्सर बदलणाऱ्याला जे होतं तेच आपल्यालाही होतं. पण पाव मैलाच्या, म्हणजे ४०२ मीटरच्या पट्ट्यावर घड्याळ आवाज मोजत नाही. कॅम ही यादीतली शेवटची वस्तू. बाकीची गाडी कागदावर पक्की होईपर्यंत त्याचे पैसे मोजू नका.

(आरएक्स १०० घेऊन पट्ट्यावर उतरणाऱ्यांनी इथूनच परत फिरायला हरकत नाही. टू-स्ट्रोकला कॅमच नसतो, त्याचं काम पोर्ट करतात.)

उदाहरणाला शेव्हरोलेचं ३५० घनइंची स्मॉल-ब्लॉक व्ही-८ घेऊ. १९५५ साली सुरू झालेल्या घराण्यातलं हे १९६७ चं इंजिन. अमेरिकेत त्यासाठी सुटे भाग ढिगाने मिळतात. बोअर (सिलिंडरचा व्यास) ०.०३० इंच वाढवला की ते ३५५ होतं. कॉम्प्रेशन (आतली हवा किती पट दाबली जाते ते) ११:१, गिअरबॉक्स दोन गिअरचा पॉवरग्लाइड, मागचा गिअर ४.५६ आणि चाक २८ इंच व्यासाचं, असं धरून चला.

पहिली पायरी: इंजिन किती फिरणार?

शेवटच्या रेषेवर गाडीचा वेग १२० मैल, म्हणजे ताशी १९३ किलोमीटर हवा असं समजा. मैलांतला वेग गुणिले मागचा गिअर गुणिले ३३६, भागिले चाकाचा व्यास. उत्तर येतं सुमारे ६,५७०. टॉप गिअर १:१ असेल तर हेच इंजिनाचे आरपीएम. टॉर्क कन्व्हर्टर (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सला क्लचच्या जागी असतो तो) थोडा घसरतोच, तो पाच टक्के धरला तर ६,९०० च्या आसपास. आता कॅमचं काम ठरलं. सुटताना कन्व्हर्टरचा स्टॉल, म्हणजे गाडी जागेवर असताना इंजिन जितक्या आरपीएमपर्यंत चढतं तो आकडा, जिथे आहे तिथपासून ६,९०० पर्यंत त्याने ओढलं पाहिजे. ८,००० ला ताकद देणारा कॅम इथे बसवलात तर ती ताकद जिथे आहे तिथे गाडी कधी पोचणारच नाही. उलट सुटताना इंजिन गुदमरेल ते वेगळंच.

दुसरी पायरी: ड्युरेशन, आणि इंटेक बंद कधी होतो

व्हॉल्व्ह किती अंश उघडा राहतो ते ड्युरेशन. हे अंश क्रँकचे, म्हणजे पिस्टन जोडलेल्या मुख्य दांड्याचे, मोजतात. कॅम स्वतः क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो. दोन कॅमांची तुलना करताना टॅपेट (कॅमवर टेकून त्याची उचल व्हॉल्व्हकडे नेणारा भाग) ०.०५० इंच उचलल्यावरचा आकडाच बघा. जाहिरातीतला मोठा आकडा प्रत्येक उत्पादक आपल्या सोयीच्या बिंदूपासून मोजतो, त्यामुळे त्यांची बेरीज-वजाबाकी एकमेकांशी जुळत नाही. आपल्या ३५५ ला सॉलिड रोलर टॅपेट असतील तर हवा आत घेणाऱ्या इंटेकला २५४ आणि धूर बाहेर सोडणाऱ्या एक्झॉस्टला २६० च्या आसपास सुरुवात करावी.

पण सगळ्या आकड्यांतला एकच लक्षात ठेवायचा झाला तर मी इंटेक व्हॉल्व्ह बंद होण्याचा क्षण ठेवेन. पिस्टन खालून वर निघाला तरी व्हॉल्व्ह अजून उघडाच असतो आणि तो मिटेपर्यंत दाब तयार होत नाही. समजा तो तळबिंदूनंतर ६६ अंशांनी पूर्ण मिटला. ५.७ इंची कनेक्टिंग रॉड असलेल्या या इंजिनात ३.४८ इंचांच्या स्ट्रोकपैकी दाबायला २.६७ इंचच उरतात. त्यामुळे कागदावरचं ११:१ कॉम्प्रेशन प्रत्यक्षात ८.७ च्या घरात येतं, आणि ते चालतं. तोच कॅम ९:१ च्या साध्या इंजिनात टाका, दाब ७.१ वर घसरतो आणि गाडी सुटताना लंगडते. ‘कॅम बदलला आणि गाडी हळू झाली’ या तक्रारीमागे बहुधा हेच असतं.

तिसरी पायरी: लिफ्ट

लिफ्ट, म्हणजे व्हॉल्व्ह किती उचलला जातो ते, हेडकडे बघून ठरवा. कॅमच्या लोबची (फुगवट्याची) उंची ०.४०० इंच असेल आणि रॉकर (ही उचल वाढवणारी तरफ) १.५ चा असेल तर व्हॉल्व्ह ०.६०० इंच उचलला जातो. सॉलिड टॅपेटची ०.०२० इंचाची फट त्यातून वजा करा, खरे उरतात ०.५८०. हेडचा फ्लो-चार्ट, म्हणजे कोणत्या लिफ्टला किती हवा जाते त्याचा तक्ता, मागून घ्या. ०.५५० नंतर हवा वाढतच नसेल तर ०.६५० लिफ्टचा कॅम फक्त स्प्रिंगा खाईल.

चौथी पायरी: लोबमधलं अंतर

इंटेक आणि एक्झॉस्ट लोबच्या मध्यांमधला कोन कॅम घासतानाच ठरतो, नंतर बदलता येत नाही. आपल्या इंजिनाला १०६ ते १०८ अंश ठीक. कोन १०७ धरला तर दोन्ही ड्युरेशनची बेरीज ५१४, तिचा चौथा भाग १२८.५, त्यातून १०७ वजा करून दुप्पट केले की ४३ अंश. दोन्ही व्हॉल्व्ह एकाच वेळी इतके अंश उघडे राहतात. कोन लहान तितका हा ओव्हरलॅप मोठा, मधल्या आरपीएमला ओढ जोरदार, आणि आयडल तितकाच बेभरवशाचा. व्हॅक्यूमवर चालणारे पॉवर ब्रेक असतील तर इथे हात आखडता घ्या. रेषेपलीकडे गाडी थांबवायचीही असते. टर्बो असेल तर कोन ११२ च्या पुढे न्यावा, नाहीतर दाबून भरलेली हवा सरळ एक्झॉस्टमधून निघून जाते.

लोणावळ्याजवळच्या आंबी व्हॅलीच्या धावपट्टीवरही ड्रॅग शर्यती झाल्या आहेत. चार सिलिंडरच्या गाडीलाही हेच गणित लागू पडतं. हेडमध्ये दोन कॅम असतील तर एक सोय जास्त मिळते: ॲडजस्टेबल गिअर लावून हा कोन बाहेरून फिरवता येतो.

पाचवी पायरी: टॅपेट आणि स्प्रिंगा

फ्लॅट टॅपेट स्वस्त, पण नव्या कॅमला पहिली वीस-तीस मिनिटं आयडलवर सोडायचं नाही, २,००० ते २,५०० आरपीएमवर चालवायचं. आणि तेलात झिंक भरपूर हवं, नाहीतर लोब घासून गुळगुळीत होतात. रोलर महाग, पण व्हॉल्व्ह झपाट्याने उघडतो आणि त्याच ड्युरेशनमध्ये जास्त हवा आत जाते. स्प्रिंगा कॅमबरोबर त्याच उत्पादकाने सुचवलेल्याच घ्या. पूर्ण लिफ्टला स्प्रिंगचे वेढे एकमेकांना टेकायच्या आधी निदान ०.०६० इंच जागा उरली पाहिजे.

सहावी पायरी: मोजल्याशिवाय बंद करू नका

कॅम बसवला की क्रँकवर डिग्री व्हील आणि टॅपेटवर डायल गेज लावा. आधी पिस्टन-स्टॉप लावून खरा टीडीसी (पिस्टनचा सर्वात वरचा बिंदू) शोधा, बॅलन्सरवरच्या खुणेवर विसंबू नका. मग सर्वोच्च लिफ्टच्या ०.०५० इंच अलीकडचा आणि पलीकडचा असे दोन आकडे घ्या. समजा ते ६५ आणि १४१ आले. बेरजेचा निम्मा १०३, हा इंटेकचा मध्य. कोन १०७ चा असल्याने कॅम चार अंश पुढे बसलाय, बहुतेक कॅम कार्डांवरही इतकाच सांगितलेला असतो. आकडा कार्डाशी जुळला नाही तर टायमिंग गिअरची खाच बदलून पुन्हा मोजा. कंटाळवाणं काम आहे. एका मित्राने ते टाळलं होतं, कॅम आठ अंश मागे होता, आणि पूर्ण हंगाम तो कार्बोरेटरला शिव्या देत राहिला.

शेवटी पिस्टनवर मातीचा, म्हणजे मॉडेलिंग क्लेचा, पातळ थर लावून जुन्या गॅस्केटवर हेड कसा आणि इंजिन हाताने दोन पूर्ण फेरे फिरवा. हेड काढून माती कापून जाडी मोजा. इंटेकला ०.०८० आणि एक्झॉस्टला ०.१०० इंचांपेक्षा कमी भरली तर पिस्टनच्या खाचा खोल कराव्या लागतील. ॲल्युमिनियमच्या कनेक्टिंग रॉड असतील तर याहून जास्त जागा ठेवा, त्या ताणल्या जातात.

दोन कॅमांत अडकलात तर लहान घ्या. आणि मागवण्याआधी कॅमवाल्याला फोन करून गाडीचं वजन, गिअर, चाक, कन्व्हर्टरचा स्टॉल, हेडचा फ्लो आणि कॉम्प्रेशन असे सहाही आकडे सांगा. समोरच्याने त्यातला एकही न विचारता कॅमचा नंबर सांगितला, तर दुसरीकडे फोन लावा.